बालमनाची जडणघडण : आनुवंशिकता, परिस्थिती आणि समाजाचे उत्तरदायित्व

एखादे मूल तीन वर्षांचे झाले तरी बोलत नाही. दुसरे शाळेत क्षणभरही एका जागी स्थिर बसत नाही. तिसरे दहाव्या-बाराव्या वर्षी कोणालाही कारण न कळता खिन्न राहू लागते. अशा वेळी घरात व शेजारात प्रथम विचारला जातो तो प्रश्न उपचाराचा नसतो, दोषाचा असतो. ‘त्याच्या आजोळी असेच कोणी होते, रक्तातच आहे,’ हे एक उत्तर. ‘आईने लाडावून ठेवले,’ किंवा ‘आईचे लक्षच नव्हते,’ हे दुसरे. ‘पूर्वजन्मीचे भोग,’ हे तिसरे. उत्तरे वेगवेगळी दिसली तरी त्यांचा परिणाम एकच होतो. मूल आणि त्याची आई घराच्या एका कोपऱ्यात लोटली जातात, आणि मदतीची मोलाची वर्षे निघून जातात.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाची शास्त्रीय बाजू वाचकांपुढे ठेवू इच्छितो. मुलाच्या मानसिक आरोग्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, बालपणातील परिस्थितीचा किती, आणि ही दोन कारणे एकमेकांत कशी गुंतलेली असतात, याविषयी गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. ते समजून घेणे आपल्यासारख्या वाचकांना परके वाटण्याचे कारण नाही. कोणतीही गोष्ट हेतू व प्रत्यय यांवाचून घडत नाही, ही तर धम्माची मूळ शिकवण होय. मनुष्याच्या वाट्याला येणारे सर्व सुखदुःख पूर्वकृत कर्मामुळेच येते, हे मत भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायातील तिकनिपातात स्पष्टपणे नाकारले आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात याच मुद्द्याची चिकित्सा केली. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मानला, की दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी टाळण्यास राज्याला आणि समाजाला सोयीची सबब मिळते, हा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हा आशय ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे, अशी आमची विनंती आहे. कारण ‘रक्तातच आहे’ या वाक्याचा उपयोगही अनेकदा नेमका त्याच सबबीसाठी केला जातो.

आनुवंशिकतेचा पुरावा

मानसिक विकारांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, हे प्रथम निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. त्याचा मुख्य पुरावा जुळ्या मुलांच्या अभ्यासातून मिळतो. एकाच फलित बीजापासून जन्मलेल्या जुळ्यांची जनुके जवळजवळ पूर्णतः सारखी असतात. दोन स्वतंत्र बीजांपासून जन्मलेल्या जुळ्यांत ज्या जनुकांमध्ये माणसामाणसांत फरक असतो, त्यांपैकी सरासरी निम्मी सारखी असतात. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच वेळी वाढतात. मग पहिल्या प्रकारच्या जुळ्यांत एखादा विकार दोघांनाही होण्याचे प्रमाण दुसऱ्या प्रकाराहून बरेच अधिक आढळले, तर त्या विकारामागे आनुवंशिकता आहे असे अनुमान करता येते.

या रीतीने केलेल्या अभ्यासांत स्वमग्नता, अवधानाची उणीव व अतिचंचलता, तसेच छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया, या विकारांत आनुवंशिकतेचे प्रमाण सुमारे ७० ते ८० टक्के इतके भरते. नैराश्याच्या बाबतीत ते ४० टक्क्यांच्या आसपास असते. मात्र हे विकार एखाद्या एकट्या जनुकामुळे होत नाहीत. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंधित अशी गुणसूत्रांवरील २८७ स्थाने आढळली. यांतील बहुतेक स्थानांचा प्रत्येकी परिणाम अत्यल्प असतो, आणि ती थोड्याफार प्रमाणात आपणा सर्वांच्या ठायी असतात. म्हणूनच ‘वेडाचे रक्त’ असलेले घराणे आणि ते नसलेले घराणे, अशी विभागणी विज्ञानात कोठेही नाही.

टक्केवारीचा अर्थ

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे अत्यावश्यक आहे. ‘आनुवंशिकता ८० टक्के’ याचा अर्थ ‘आजारी व्यक्तीच्या मुलाला तो आजार होण्याची शक्यता ८० टक्के’ असा मुळीच होत नाही. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या नोंदींवर आधारलेला व २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पाहावा. त्यात स्किझोफ्रेनियाची आनुवंशिकता ७९ टक्के निघाली. परंतु एकाच बीजाच्या जुळ्यांपैकी एकास हा विकार असता दुसऱ्यासही तो असण्याचे प्रमाण केवळ ३३ टक्के होते. म्हणजे जनुके तीच असूनही तीनपैकी दोन जुळी भावंडे त्या विकारापासून मुक्त राहिली होती. वारसा विकाराचा नसतो. विकाराकडे झुकण्याच्या प्रवृत्तीचा असतो.

मग ७९ टक्के हा आकडा सांगतो तरी काय? एका विशिष्ट समाजात, एका विशिष्ट काळी, माणसामाणसांमध्ये या बाबतीत जो फरक आढळतो, त्यातील किती हिस्सा जनुकांच्या फरकाशी निगडित आहे, एवढेच तो सांगतो. परिस्थिती पालटली की हा आकडाही पालटू शकतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७० साली यासाठी शेतातील बियाण्याचा दृष्टान्त दिला होता. तो आपल्याकडील ज्वारीला लावून पाहू. एकाच पोत्यातील मिश्र बियाणे घेतले. अर्धे काळ्या, सकस, पाण्याच्या जमिनीत पेरले आणि अर्धे मुरमाड माळावर पेरले. प्रत्येक शेतात सर्व रोपांना माती व पाणी सारखेच मिळाले. आता काळ्या शेतातील दोन ताटांच्या उंचीतील फरक बियाण्याचाच असणार. माळावरील दोन ताटांतील फरकही बियाण्याचाच असणार. परंतु काळ्या शेतातील पीक आणि माळावरील पीक यांत जो मोठा फरक दिसेल, तो सर्वस्वी जमिनीचा असेल. प्रत्येक गटाच्या आत आनुवंशिकतेचे प्रमाण कितीही मोठे असो, दोन गटांमधील अंतर आनुवंशिक आहे असे त्यावरून सिद्ध होत नाही.

हा मुद्दा केवळ तर्कशास्त्राचा नाही. जातिव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांनी वंशशुद्धीचा व आनुवंशिक गुणांचा आधार घेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या निबंधात त्या काळच्या आनुवंशशास्त्राचा हवाला देऊन तो दावा खोडून काढला होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या माळावर पेरले गेले, त्यांच्या बियाण्यालाच दोष देण्याची ही रीत आजही नाहीशी झालेली नाही. म्हणून आनुवंशिकतेची टक्केवारी वाचताना ती कोणत्या शेतातील आहे, हे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

आणखी एक उदाहरण द्यावेसे वाटते. फेनिलकीटोनमेह हा पूर्णपणे आनुवंशिक विकार आहे. नॉर्वेतील वैद्य आस्ब्यर्न फॉलिंग यांनी १९३४ साली तो ओळखला. या विकारात अन्नातील फेनिलअलानिन नावाचे द्रव्य शरीराला पचवता येत नाही. ते साचत जाते, मेंदूला इजा करते आणि मूल गंभीर स्वरूपात मतिमंद होते. परंतु जन्मानंतर लगेच रक्ताची तपासणी करून हे द्रव्य अत्यल्प असलेला आहार दिला, तर तेच मूल बव्हंशी इतर मुलांसारखे वाढते. जनुक बदललेले नसते. ताटातील अन्न बदललेले असते. जन्मजात आणि असाध्य हे दोन शब्द समानार्थी नाहीत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता द्यावा?

आईवरील आरोप

आनुवंशिकतेला सर्वस्व मानण्यात जसा धोका आहे, तसाच तिला पूर्णपणे नाकारण्यातही आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य मानसोपचारात या दुसऱ्या टोकाचा प्रभाव होता. स्वमग्न मुलांच्या आया भावशून्य व थंड असतात आणि त्यांच्या त्या थंडपणामुळेच मूल स्वतःत मिटून जाते, असे त्या काळी सांगितले जाई. ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या ग्रंथाने या मताचा मोठा प्रसार केला. आधीच दुःखात असलेल्या असंख्य मातांच्या माथी हा आरोप बसला.

या आरोपाला छेद देणारा पुरावा १९७७ साली पुढे आला. सुझन फॉल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधील जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास केला. प्रत्येक जोडीत निदान एक मूल स्वमग्न होते. एकाच बीजाच्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न आढळली. भिन्न बीजांच्या १० जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे आढळले नाही. संख्या लहान होती, परंतु पुढील अनेक अभ्यासांनी तिला पुष्टी दिली. स्वमग्नता आईच्या वागण्यातून निर्माण होत नाही, हे आता निर्विवाद आहे.

येथे मायकेल रटर हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. ज्यांनी स्वमग्नतेतील आनुवंशिकतेचा पहिला भक्कम पुरावा दिला, त्याच शास्त्रज्ञाने पुढे बालपणीच्या परिस्थितीचे सामर्थ्य दाखवणारा एक अत्यंत महत्त्वाचा अभ्यास केला. शास्त्रज्ञ पक्ष घेऊन बसत नाही; प्रत्येक कारणाला त्याचे योग्य ते माप देतो. तो दुसरा अभ्यास रुमानियातील अनाथालयांशी संबंधित होता.

रुमानियातील मुले

रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू याने १९६६ साली लोकसंख्या वाढविण्याच्या हेतूने गर्भपातावर कडक बंदी घातली. संततिनियमनाची साधने दुर्मीळ झाली आणि अपत्य नसलेल्यांवर जादा कर बसविण्यात आला. दारिद्र्यामुळे ज्यांना मूल पोसणे अशक्य होते, त्यांनी ते सरकारी संस्थांच्या स्वाधीन करावे, अशी रूढी पडली. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, तेव्हा लाखाहून अधिक मुले अशा संस्थांत होती. बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. एकेका सेविकेच्या वाट्याला दहा-बारा किंवा त्याहूनही अधिक बालके होती. मुले दिवसचे दिवस गजांच्या पाळण्यात पडून असत. दूध पाजण्याची, कपडे बदलण्याची वेळ ठरलेली होती. परंतु रडणाऱ्या मुलाला उचलून घेणारे, त्याच्याशी बोलणारे, त्याचे म्हणून कोणी माणूस नव्हते.

पुढील काळात यांतील अनेक मुले परदेशांत दत्तक गेली. १९९० ते १९९२ या काळात ब्रिटनमधील कुटुंबांत आलेल्या १६५ मुलांचा अभ्यास रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केला. तुलनेसाठी ब्रिटनमध्येच जन्मलेली व सहा महिन्यांच्या आत दत्तक गेलेली ५२ मुले घेतली. या अभ्यासाचे वैशिष्ट्य असे की, बहुतेक मुले जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत संस्थेत दाखल झाली होती, आणि त्यांची सुटका केव्हा व्हावी हे त्यांच्या गुणदोषांवरून ठरले नव्हते. राजवट कोसळली त्या क्षणी ज्याचे जे वय होते, त्यावरून ते ठरले. म्हणून लवकर सुटलेली आणि उशिरा सुटलेली मुले यांच्यातील फरक जनुकांचा आहे, असे म्हणण्यास जागा उरत नव्हती.

मुले तिशीकडे वाटचाल करू लागली तोपर्यंतचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. संस्थेत सहा महिन्यांहून कमी काळ राहिलेली मुले मोठेपणी मानसिक आरोग्याच्या बाबतीत ब्रिटनमधील दत्तक मुलांसारखीच होती. सुरुवातीला ती अत्यंत कृश व मागासलेली होती, तरीही ती सावरली. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळ संस्थेत राहिलेल्या मुलांत अनोळखी माणसाशीही अंतर न राखता सलगी करणे, स्वमग्नतेसारखी लक्षणे, अवधानाची उणीव आणि अतिचंचलता यांचे प्रमाण बरेच अधिक होते, आणि ते प्रौढ वयापर्यंत टिकले. या मुलांची बुद्धी मात्र, जी प्रारंभी मंद दिसत होती, ती प्रौढपणापर्यंत सर्वसाधारण पातळीवर आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासात या दत्तक तरुणांच्या मेंदूचे एकूण आकारमान सरासरी ८.६ टक्क्यांनी कमी आढळले. वंचनेचा काळ जितका दीर्घ, तितकी घट अधिक.

यातच आणखी एक निष्कर्ष आहे, आणि तो विसरता कामा नये. दीर्घकाळ संस्थेत राहिलेल्या मुलांपैकीही सुमारे पाचवा हिस्सा कोणत्याही तपासणीत दोषमुक्तच आढळला. त्याच पाळण्यात, तितकाच काळ पडून राहिलेली ही मुले टिकून कशी राहिली? येथे व्यक्तिव्यक्तींमधील जन्मजात फरकाचा काही वाटा असावा, असे संशोधकांना वाटते. म्हणजे ज्या अभ्यासाने परिस्थितीचे सामर्थ्य दाखविले, त्यानेच परिस्थिती सर्वशक्तिमान नाही हेही दाखविले.

यानंतर प्रत्यक्ष रुमानियातच दुसरा अभ्यास झाला. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकन संशोधकांनी २००० च्या सुमारास बुखारेस्ट शहरातील सहा संस्थांमधून ६ ते ३१ महिने वयाची १३६ बालके निवडली. त्यांपैकी ६८ बालके, चिठ्ठ्या टाकाव्यात त्या पद्धतीने निवडून, प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्यात आली. उरलेल्या ६८ बालकांची व्यवस्था पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. मुलांना असे विभागणे न्याय्य होते काय, हा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. संशोधकांनाही तो विचारला गेला. त्या काळी शहरात प्रतिपालक कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. ती या प्रकल्पाने उभी केली. संस्थेतील कोणत्याही बालकाला पुढे कुटुंब मिळू लागले तर त्यास अडविले गेले नाही, आणि अशी बरीच बालके नंतर कुटुंबांत गेलीही.

ही मुले साडेचार वर्षांची झाली तेव्हा संस्थेत राहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. कुटुंबातच वाढलेल्या शहरातील इतर मुलांत हे प्रमाण सुमारे पाचवा हिस्सा होते. प्रतिपालक कुटुंबांत गेलेल्या मुलांत चिंता व नैराश्य यांचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. परंतु अतिचंचलता व अवधानाची उणीव यांत तसा फरक पडला नाही. बुद्ध्यंक आणि प्रेमाचे नाते जोडण्याची क्षमता या बाबतींत जी मुले सुमारे दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली, त्यांची प्रगती उशिरा गेलेल्यांहून चांगली होती. या व अशा पुराव्यांच्या पार्श्वभूमीवर रुमानियाने २००४ साली कायदा करून, गंभीर अपंगत्व नसलेल्या दोन वर्षांखालील बालकांना संस्थेत ठेवण्यास मनाई केली. संशोधनाचे कायद्यात रूपांतर होण्याचे हे उदाहरण मननीय आहे.

मेंदूत काय घडते?

जन्माच्या वेळी मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ते सुमारे तीन चतुर्थांशावर जाते. या काळात मज्जापेशींमध्ये असंख्य जोडण्या तयार होतात. ज्या वापरल्या जातात त्या दृढ होतात, ज्या वापरल्या जात नाहीत त्या गळून पडतात. मूल हुंकार देते, आई त्याला प्रत्युत्तर देते. मूल रडते, कोणी तरी उचलून घेते. ही देवघेव दिवसातून शेकडो वेळा घडते, आणि तिच्यावरच भाषा, अवधान व भावना यांचे मार्ग घडत जातात. मेंदू या देवघेवीची अपेक्षा धरूनच जन्माला येतो. ती न मिळणे हा मारहाणीइतकाच गंभीर आघात असतो, परंतु त्याचा वळ दिसत नाही.

दुसरी प्रक्रिया ताणाची आहे. भय वाटले की मेंदूकडून मूत्रपिंडावरील ग्रंथींना संदेश जातो आणि कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. थोडा वेळ स्रवले तर ते हितकारक असते. धीर देणारे माणूस जवळ आले की ते ओसरते. परंतु भय रोजचेच असेल आणि धीर देणारे कोणीच नसेल, तर ही यंत्रणाच बिघडते. बुखारेस्टमधील संस्थांत राहिलेल्या मुलांत ताणाच्या प्रसंगी शरीराची ही प्रतिक्रिया बोथट झालेली आढळली. लवकर कुटुंबात गेलेल्या मुलांत ती सर्वसाधारण मुलांसारखी होती.

परिस्थिती जनुकांपर्यंत पोहोचते कशी, यावर कॅनडातील मायकेल मीनी व त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००४ च्या उंदरांवरील प्रयोगाने प्रकाश टाकला. ज्या पिलांना त्यांच्या माद्या अधिक चाटत व कुरवाळत, ती मोठेपणी ताणाला अधिक शांतपणे तोंड देत. त्यांच्या मेंदूतील ताणाशी संबंधित एका जनुकावरील रासायनिक खुणा वेगळ्या होत्या. जन्मतःच पिले अदलाबदल केली, तर खुणा जन्मदात्रीसारख्या न होता वाढविणाऱ्या मादीच्या वागण्यानुसार होत. जनुकातील अक्षरे तीच. ते किती प्रमाणात वाचले जावे, हे संगोपनाने ठरविले. उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करणे मात्र योग्य नाही. मानवी मेंदूबाबत हे संशोधन अद्याप पूर्णत्वास गेलेले नाही.

दोन कारणे, एक गुंफण

जनुके आणि परिस्थिती या तराजूच्या दोन पारड्यांसारख्या नाहीत. त्यांची गुंफण होते, आणि ती तीन प्रकारांनी होते.

पहिला प्रकार असा : परिस्थितीचा परिणाम सर्वांवर सारखा होत नाही. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी स्किझोफ्रेनियाच्या गटातील विकार असलेल्या मातांची, परंतु दत्तक गेलेली मुले अभ्यासली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दत्तक घर कलहाचे व बिघडलेले होते तेथे या मुलांत त्या गटातील विकार अधिक दिसले. घर निकोप होते तेथे धोका बराच कमी राहिला. ज्या मुलांत हा आनुवंशिक कल नव्हता, त्यांच्या बाबतीत घरामुळे या विकारांत तसा फरक पडला नाही. ज्याच्या वारशात धोका अधिक, त्यालाच चांगल्या घराचा लाभही अधिक. ‘रक्तात आहे, आता काय उपयोग?’ या प्रश्नाला याहून समर्पक उत्तर नाही.

दुसरा प्रकार : मूल स्वतःच आपली परिस्थिती काही अंशी घडविते. जन्मतः चिडखोर किंवा अतिचंचल मुलाच्या वाट्याला रागावणे व मार अधिक येतो. त्यामुळे ते अधिक बिथरते. येथे आरंभ वारशातून झाला, परंतु चक्र चालू ठेवले ते वागणुकीने. हे चक्र मोठ्यांनाच थांबविता येते, मुलाला नाही.

तिसरा प्रकार : आईबाप मुलाला जनुकेही देतात आणि घरही देतात. खिन्न आईचे मूल खिन्न झाले, तर त्यातील वारसा किती आणि रोजचा उदास सहवास किती, हे एका घराकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून दत्तक व जुळ्या मुलांचे अभ्यास आवश्यक ठरतात.

येथे सावधगिरीचा एक इशारा द्यावासा वाटतो. २००३ साली न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथील अभ्यासावरून असे जाहीर झाले की, सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचे विशिष्ट रूप असलेल्यांना आपत्तीनंतर नैराश्य अधिक येते. या निष्कर्षाची जगभर चर्चा झाली. पुढे लक्षावधी व्यक्तींची माहिती तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात या व अशा इतर गाजलेल्या जनुकांच्या दाव्यांना आधार मिळाला नाही. एकट्यादुकट्या जनुकाच्या चाचणीवरून मुलाचे मानसिक भवितव्य सांगण्याचा दावा कोणी करीत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

आपल्या जवळचा पुरावा

रुमानियातील संस्था हे टोकाचे उदाहरण झाले. आपल्याकडील बहुसंख्य मुले आईच्या कुशीतच वाढतात. परंतु त्या आईचीच अवस्था काय आहे? गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७० गर्भवती स्त्रियांचा अभ्यास करून २००२ साली तो प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी सुमारे २३ टक्के स्त्रियांत नैराश्य आढळले. त्याची कारणे कोणती? दारिद्र्य, पतीकडून होणारी मारहाण, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे. पुढील वर्षी याच संशोधकांनी दाखविले की, अशा मातांची बालके सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात मागे पडलेली असण्याचा धोका अधिक होता, आणि त्यांच्या मानसिक विकासाचे मापनही कमी भरले.

या साखळीकडे वाचकांनी बारकाईने पाहावे. बालकाच्या दुर्बलतेमागे आईचे नैराश्य आहे. म्हणून दोष आईचा काय? आईच्या नैराश्यामागे उपासमार, मारहाण आणि कन्येविषयीचा तिटकारा आहे. कारणांची साखळी आईपाशी तोडली, तर ती आरोप होते. शेवटपर्यंत नेली, तर ती समाजाच्या दाराशी येऊन थांबते. आणि ही साखळी तोडताही येते. गोव्यातच त्याच वस्त्यांतील साध्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त गर्भवतींना आधार देण्याचा प्रयोग झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्या आधाराने नैराश्यातून मुक्त होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण वाढले. येथे मोठे रुग्णालय नव्हते. पदवीधर तज्ज्ञही नव्हते. शेजारीण होती.

आपले कर्तव्य

या विवेचनातून आम्हांस काही गोष्टी स्पष्टपणे सांगावयाच्या आहेत.

मुलाच्या बोलण्यात, नजरेत किंवा वागण्यात वेगळेपणा दिसला, तर वाट पाहू नये. पहिली दोन-तीन वर्षे सर्वांत मोलाची असतात. अंगणवाडी सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्र व जिल्हा रुग्णालय यांच्याकडे मूल न लाजता न्यावे. मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा २०२२ साली सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ हा आहे. अंगारा, उतारा व भगताकडील फेऱ्या यांत गेलेला काळ मुलाला परत मिळत नाही.

घराण्यात मानसिक विकार असल्यास ते लपवू नये. जेथे वारशात कल आहे, तेथे निकोप घराचा लाभ अधिक होतो, हे आपण पाहिले. माहिती असणे म्हणजे कलंक नव्हे. ती पूर्वसूचना होय.

आईवडिलांचे छत्र हरपलेले बालक शक्य तोवर कुटुंबातच वाढावे. महाराष्ट्रात त्यासाठी बालसंगोपन योजना आहे. वस्तीतील गरजू कुटुंबापर्यंत तिची माहिती पोहोचविणे हे कोणत्याही मंडळाला सहज करता येण्यासारखे काम आहे.

आणि शेवटी, बाळंतिणीची विचारपूस. प्रत्येक विहारात महिला मंडळ असते. वस्तीतील नव्या मातेकडे आठवड्यातून एकदा जाऊन तिचे जेवण, झोप आणि मन यांची चौकशी करणे, मुलगी झाली म्हणून कोणी तिला बोलत असेल तर त्यास थांबविणे, आणि तिच्यावर हात उगारला जात असेल तर तिच्या बाजूने उभे राहणे, एवढे जरी झाले तरी त्या बालकाच्या मेंदूच्या घडणीत आपण हात घातला असे होईल.

कोणी कोणती जनुके घेऊन जन्मास यावे, हे कोणाच्याही हाती नाही. परंतु जन्मास आलेल्या मुलाला कोणत्या शेतात पेरावे, हे निश्चितपणे आपल्या हाती आहे. जे कारण बदलता येत नाही, त्याचे ज्ञान करून घ्यावे. जे बदलता येते, ते बदलण्यास उशीर करू नये. कारणाचा शोध दोष देण्यासाठी नव्हे, तर दुःख दूर करण्यासाठी घ्यावयाचा असतो.